टॅक्टिकल बॉक्सिंग मॅच बघताना नेमकं कुठे बघायचं? मदत हवी आहे

नॉकआउटवाल्या मॅचेस मला लगेच कळतात, पण डोक्याने खेळलेल्या मॅचमध्ये बरंच निसटतं आणि ते खरंच बघता यावं असं फार वाटतंय.

उदाहरण म्हणजे मे २०२४ ची ओलेक्सांडर उसिक विरुद्ध टायसन फ्युरी ही हेवीवेट मॅच. नवव्या राउंडला उसिकच्या डाव्या हाताने फ्युरी दोरांवर भेलकांडत गेला, रेफरीने काउंट दिला, तेवढं समजलं. पण त्याआधी मधले राउंड फ्युरीकडे होते, मग उसिकने नेमकं काय बदललं की तो डावा हात लागायला लागला, हे तीनदा बघूनही पकडता येईना. जजेसचंही एकमत नव्हतं, ११५-११२, ११४-११३ उसिकला आणि एकाने ११४-११३ फ्युरीला.

कॉमेंट्री म्यूट करून बघितलं, प्रत्येक राउंड १०-९ असा (जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९) स्वतः स्कोअर केला, स्लो करूनही बघितलं. एवढं कळलं की उसिक डावखुरा असल्याने दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात आणि ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला त्याला मागच्या हाताचा सरळ पंच मारायला जागा मिळते. पण पायांकडे बघितलं की हात बघायचे राहून जातात, हातांकडे बघितलं की फेंट (समोरच्याला फसवायला केलेली पंचची खोटी हालचाल) कोणता आणि खरा पंच कोणता तेच कळत नाही.

मी स्वतः बॉक्सिंग करत नाही, जिम लावायचा सल्ला नको, हायलाइट्स पण नकोत, पूर्ण १२ राउंड बसून बघायची तयारी आहे.

तुम्ही असा राउंड बघताना नजर नेमकी कुठे ठेवता, पाय, पुढचा हात की खांदे, आणि फेंटला समोरचा फसतोय हे कशावरून ओळखता?