नाईट शिफ्टवाल्याने दात नेमके कधी घासायचे?

बार्शीकर_नाईटवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण उत्तरही द्या.

मी चाकणला एका कंपनीत मशीनवर आहे. महिन्यातले दोन आठवडे थर्ड शिफ्ट, रात्री 11 ते सकाळी 7. साडेनवाला घरी जेवून निघतो. 3 वाजता कँटीनमध्ये चहा आणि वडापाव नाहीतर पोहे. कंपनीच्या बसनं पावणेआठला घरी पोचतो तेव्हा तोंड कडू, छातीत जळजळ. म्हणून आल्या आल्या अर्ध्या लिंबाचं पाणी, मीठ घालून. पित्ताला बरं पडतं असं आमच्या लाइनवरचे तात्या म्हणतात. ते प्यालो की लगेच ब्रश, चांगला घसाघसा, कारण तोंड धुतल्याशिवाय मला चहा जात नाही. आईनं लावलेली सवय, तोंड न धुता चुलीपाशी यायचं नाही. मग चहा, दोन खारी आणि साडेआठला पडदा ओढून झोप. दुपारी 3 ला उठलो की नुसती चूळ भरतो, कारण "सकाळी घासलेत की".

गेल्या पावसाळ्यापासून दात आंबतात. कैरी खाल्ल्यावर आंबतात तसे, पण आंबट काही न खाता. गार पाणी तर लागतंच. वरच्या पुढच्या दोन दातांची कड आरशात काचेसारखी आरपार दिसते. बायको म्हणते ब्रश कमी करा. मेहुणा म्हणतो प्रत्येक जेवणानंतर, दिवसातून तीनदा. कुणी नाश्त्याआधी घासा म्हणतं, कुणी नाश्त्यानंतर. ज्यांचा नाश्ता सकाळी असतो त्यांचं ठीक आहे हो. माझी सकाळ कुठली धरायची?

मिरजेची_मावशी

बाळा, बाकीचं डॉक्टर लोक सांगतील, पण तो "घसाघसा" शब्द वाचून मला माझे मामंजी आठवले. राखुंडीनं घासायचे, बोटानं, कोळशाची पूड आणि मीठ. भांडी घासावीत तसे. दात पांढरेशुभ्र, सगळी गल्ली कौतुक करायची. पण साठीला आले तेव्हा हिरडीपाशी प्रत्येक दाताला खाच पडलेली, नख अडकेल एवढी. गार पाणी प्यायचं म्हणजे तोंड वाकडं करून प्यायचे. तू मऊ ब्रश घे आणि हात हलका ठेव. आणि दात दुखले म्हणून कुणी मिश्री लाव म्हटलं तर अजिबात ऐकू नकोस. तो जाळलेला तंबाखू असतो. मी तीस वर्षं लावली, सोडताना काय हाल झाले ते माझं मला ठाऊक.

रत्नागिरीचा_फैजल

दादा, रमजानमध्ये माझंही असंच सगळं उलटंपालटं होतं. आधी मी सहेरीला उठल्या उठल्या घासायचो आणि मग खजूर, दूध, चपाती खाऊन तसाच रोजा धरायचो. दिवसभर पाणी नाही, तोंड कोरडं, आणि खजूर दातांत चिकटलेला. दोन दाढा किडल्यावर अक्कल आली. आता सहेरी दहा मिनिटं लवकर उरकतो आणि अजानच्या आत ब्रश करतो. दिवसा मिस्वाक, म्हणजे दातवणाची काडी, असतेच. इफ्तारला आमच्याकडे कोकम सरबत लागतंच, त्यानंतर मात्र फक्त चूळ. ब्रश झोपायच्या आधी. हे बरोबर आहे का तेही कुणीतरी सांगा.

कोल्हापूरचा_दातवाला

निवृत्त दंतवैद्य आहे, 36 वर्षं दात बघितले. फैजलभाई, तुमचं बरोबर आहे. बार्शीकर, तुमचा क्रम मात्र जवळजवळ पूर्ण उलटा आहे. तुमचा दोष नाही, सगळे सल्ले दिवसपाळीच्या माणसासाठी लिहिलेले असतात.

आधी लिंबू. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट. दाताचं वरचं कवच साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळायला लागतं. लिंबाचा रस 2 ते अडीचच्या घरात. पाणी घालून थोडा चढतो, पण फार नाही. त्या क्षणी कवचाचा वरचा थर मऊ झालेला असतो आणि तुम्ही त्यावर ब्रश चालवता. ओल्या भिंतीवर खराटा मारल्यासारखं. गेलेलं कवच परत येत नाही. मऊ झालेलं थोडंफार लाळेतल्या खनिजांनी सावरतं, पण सावकाश. "आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबा" असं आम्ही सगळेच सांगतो. माझं खरं मत विचाराल तर अर्धा तास थोडाच आहे, एक तास बरा. त्याहून बरं म्हणजे आंबटाच्या आधीच घासून मोकळं व्हायचं. ताकाला भिऊ नका. आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे दात झिजवत नाही.

आता तुमची रात्र. ती साडेआठला सुरू होते असं धरा. जागेपणी लाळ आम्ल धुऊन टाकते, दातांना खनिजं पुरवते, फुकटातला कामगार आहे तो. पण झोपेत तो जवळजवळ सुट्टीवर जातो. तेव्हा तोंडात चहाची साखर आणि खारीचा मैदा राहिला तर जंतूंना जेवण मिळालं आणि अडवणारं कुणी नाही. म्हणून चहा-खारी आधी, मग साधी चूळ, शेवटी ब्रश. ब्रशनंतर फक्त पाणी प्यायचं. आईंच्या नियमासाठी चहाआधी खळखळून चूळ भरा, त्या नाही म्हणणार नाहीत.

दुसरा ब्रश दुपारी 3 ला उठल्यावर, खायच्या आधी. दोनदा पुरे, 2-2 मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट. मेहुण्यांना सांगा की तिसऱ्यांदा घासण्यापेक्षा दोन दातांमधल्या फटीतून दोरा फिरवलेला कामाचा. आणि ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण वर पाण्यानं खळखळून धुऊ नका, फ्लोराइड गटारात जातं. हे ऐकून पेशंट नेहमी तोंड वाकडं करतात. आठवड्यात सवय होते.

एक विचारायचं आहे. वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू, टाळूकडची, जिभेनं चाचपून बघा. कशी लागते?

बार्शीकर_नाईटवाला

डॉक्टरसाहेब, मावशी, फैजलभाई, मनापासून आभार. आज घरी आल्यावर लिंबू घेतलं नाही. चूळ, चहा, चूळ, ब्रश. पोरगी शाळेच्या व्हॅनसाठी तयार होत होती, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर का घासताय?"

जिभेनं बघितलं. मागून गुळगुळीत लागतात, चमच्याच्या आतल्या बाजूसारखे, खोलगट. खालचे तसे नाहीत. आधी कधी लक्षच गेलं नव्हतं.

कोल्हापूरचा_दातवाला

हीच शंका होती. नुसतं वरून प्यालेलं आंबट असेल तर झीज बहुतेक दातांच्या पुढच्या बाजूला जास्त दिसते. मागून, टाळूकडून खोलगट म्हणजे पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता मोठी. ते लिंबालाही मागे टाकतं. तुमचं कडू तोंड आणि जळजळ त्याच्याशी जुळतं. त्यावर तुम्ही औषध म्हणून लिंबूच ओतत होता. तात्यांना माझा नमस्कार सांगा.

तोंडात आंबट-कडू पाणी आलं तर ब्रश नको. ग्लासभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरा. पण हा इलाज दातांपुरता. पित्तासाठी आधी फिजिशियनला दाखवा, मग जवळच्या दंतवैद्याकडे जा, म्हणजे झिजलेल्या भागावर काय करायचं ते तो ठरवेल. उलट क्रमानं गेलात तर त्यानं केलेलं कामही आम्लात झिजेल. दाखवेपर्यंत एवढं करा: खाणं आणि आडवं होणं यात दोन-तीन तास जाऊ द्या आणि पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. चहा-खारीला एवढं अंतर मिळणार नाही, तरी जमल्यास ती बसमध्येच उरका. 3 वाजता कँटीनमध्ये खाता ते ठीक, झोपेपर्यंत साडेपाच तास मिळतात.

बार्शीकर_नाईटवाला

फिजिशियनची वेळ शनिवारची घेतली. साहेब, एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली. कंपनीची बस चौकात सोडते तिथे साडेसातला मिसळ गरम असते. आठवड्यातून तीन-चारदा होते. वर लिंबू पिळून.

कोल्हापूरचा_दातवाला

अहो, हे आधी सांगायचं ना!

मिरजेची_मावशी

कोल्हापूरच्या माणसाला मिसळ बंद करा असं सांगायला लावताय, त्यांची अवस्था बघा.