ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वस्तू नक्की कुठे बसलीय तेच दिसत नाही, काय घेऊ? (बजेट २ हजार)

पडवीवाली: गुहागरजवळचं आमचं कौलारू घर होमस्टे करायचंय म्हणून मॉडेल करतेय. समोरून बघितलं की तुळशीवृंदावन अंगणात बरोब्बर दिसतं, जरा फिरवलं की एकतर वीतभर तरंगतंय नाहीतर अर्धं जमिनीत. पडवीच्या खांबांचंही तेच. लॅपटॉप साधा, नमपॅड (कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग) नाही. २ हजारांत काय घेऊ?

हापूस८५: ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्या. मी आंब्याच्या पैशातून ८५ हजारांचा घेतला, काय स्पष्ट दिसतं!

चिरेबंदी: अहो बजेट तरी वाचा. ताई, काही घेऊ नका, चिपळूणला ड्राफ्टिंग करतो म्हणून सांगतो, तिरक्या व्ह्यूत वस्तू लांब आहे, लहान आहे की वर उचललेली हे डोळ्याला कळतच नाही. प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली एम्युलेट नमपॅड चालू करा, म्हणजे वरच्या ओळीतले आकडे नमपॅडसारखे चालतात, मग १ समोरून, ३ बाजूने, ७ वरून, आणि ५ ने पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दिसणं) जातो.

मालवणचो_झील: आमच्याकडे ह्येका खळा म्हणतत, अंगण नाय.

खाडीपलीकडे: स्केचअप या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरला या, के दाबलं की मागच्या रेषा दिसतात. माझं दुकान त्यावरच उभं राहिलं.

चिरेबंदी: ब्लेंडरमध्ये ऑल्ट झेडने आरपार दिसतंच की, आणि फुकट आहे. शेडिंगच्या मेनूत शॅडो (सावली) आणि कॅव्हिटी (कडा-खाचा उठून दिसतात) पण टिक करा. सावली बुडाला चिकटली नाही म्हणजे वस्तू तरंगतेय, फक्त खाली जमीन मॉडेल केलेली पाहिजे.

सुतारकाम_रत्नागिरी: देव्हाऱ्याच्या मॉडेलला दोन रात्री गेल्या माझ्या, तेव्हा कळलं. ओरिजिन, म्हणजे वस्तूची जागा जिथून मोजतात तो बिंदू, वस्तूच्या मधोमध असतो म्हणून झेड (उंची) शून्य केला की ती अर्धी जमिनीत जाते. एडिट मोडमध्ये तळाचा फेस (सपाट बाजू) निवडा, शिफ्ट एस, कर्सर टू सिलेक्टेड (खुणेचा थ्रीडी कर्सर तळाशी जातो), मग ऑब्जेक्ट मोडला येऊन सेट ओरिजिनमधून ओरिजिन टू थ्रीडी कर्सर. आता एन दाबून झेडला शून्य टाका. खांबांना जोत्याची उंची टाकायची.

हापूस८५: एम्युलेट नमपॅड चालू करा, सोपं आहे. पण लॅपटॉप बदलाच.

मालवणचो_झील: खळ्यात वृंदावन दाराच्या समोर होया, ता आधी बघा.

पडवीवाली: दारासमोरच आहे दादा, आजीच्या वेळेपासून. सुतारदादा, ओरिजिन तळाला आणला आणि वृंदावन पहिल्या फटक्यात बसलं, खूप आभार! एम्युलेटवालं मात्र बंद केलं, त्याने एडिट मोडमध्ये १, २, ३ वर व्हर्टेक्स, एज, फेस (बिंदू, कड, बाजू यांपैकी काय निवडायचं ते) बदलता येईनात आणि माझा हात त्याच बटणांवर बसलाय. चिरेबंदीदादा, तुम्ही काही घेऊ नका म्हणालात तरी साडेसहाशेचा वायरवाला नमपॅड मागवलाय. खांब चौदा आहेत, उद्या लाइट असली तर ते बसवते.