मदत हवी आहे : संस्था-संचालकांचा परस्पर-आधारगट कसा टिकवावा?

नमस्कार. एका लहान सेवाभावी संस्थेची संचालक म्हणून मी सहा वर्षे काम करते आहे. नेतृत्व म्हणजे निर्णय घेणे, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. कोणापाशीच बोलता येत नाही ते सांभाळत राहणे हाच त्यातला मोठा भाग असावा, असे आता वाटते. गेल्या महिन्यात अनुदानाचा हप्ता लांबला, तेव्हा पगारपत्रकातील अकरा नावांवर रात्री उशिरापर्यंत पेन्सिल फिरवत बसले होते. सहकाऱ्यांना सांगावे तर ते धास्तावणार, विश्वस्तांना सांगावे तर माझे मूल्यमापन त्यांच्याच हाती.

म्हणून इतर पाच संचालकांसह एक गट सुरू केला. व्यवस्थापनाचे ब्रिटिश अभ्यासक रेग रेव्हन्स यांनी १९४०च्या दशकात ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांमध्ये रुजवलेल्या पद्धतीच्या धर्तीवर, एकाने अडचण मांडायची आणि इतरांनी सल्ल्याऐवजी प्रश्न विचारायचे, असे ठरले. प्रत्यक्षात दहाव्या मिनिटाला सल्ले सुरू होतात (त्यात मीही आघाडीवर असते). शिवाय आमच्यापैकी दोघे एकाच देणगीदाराकडे अर्ज करतात, त्यामुळे पैशाचा विषय निघाला की दोघेही गप्प.

असा गट ज्यांनी वर्षभर तरी चालवला आहे, त्यांनी कृपया सांगावे : गोपनीयतेबाबत लेखी करार केला होता का, सूत्रसंचालन आळीपाळीने होते की बाहेरच्या व्यक्तीकडे, आणि एकाच निधीसाठी स्पर्धा करणाऱ्यांना एका गटात ठेवावे का?