घारीला कोण खातं?

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही अन्नसाखळी (कोण कोणाला खातं ती) शिकवल्यावर लेकीने "मग घारीला कोण खातं?" असं विचारलं, असं एका पालकांनी मला लिहिलंय. फार छान प्रश्न आहे! तिला मेलेली जनावरं खाणाऱ्या गिधाडांची गोष्ट जरूर सांगा.

पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची आणि बघता बघता नुसता सांगाडा उरायचा. मग गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक देऊ लागले. ते दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली ९९ हून जास्त संपली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता.

घार मेली की तिलाही असंच कोणीतरी खातं: किडे, बुरशी, जिवाणू. मग तिची माती होते, मातीतून पुन्हा गवत. म्हणून मी मुलांना साखळी गोल काढायला लावते. परवा कुंडीतलं मूठभर खत वर्तमानपत्रावर पसरलं, तर त्यात दोन गांडुळं आणि वेटोळं करून बसलेला एक पैसा किडा निघाला. मुलं अर्धा तास हलली नाहीत.