६० नंतरची ती आठवडाभराची वाट

न्यू यॉर्क यांकीज या अमेरिकन बेसबॉल संघाचा बॅटर ॲरन जज याच्याबद्दल म्हणतात, ‘२०२२ च्या हंगामात साठाव्या होम रननंतर (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे मारणं) जज दडपणाखाली आला म्हणून आठवडाभर अडकला’. हे मला पटत नाही. त्याला मारण्याजोगा चेंडूच मिळत नव्हता! २७ सप्टेंबर २०२२ ला टोरांटोत त्याला चार वॉक मिळाले, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार वेळा मारता न येण्याजोगे चेंडू टाकल्याने तो न मारताच पहिल्या बेसवर गेला. दुसऱ्याच दिवशी तिथेच एकसष्टावा मारला.

त्याआधी ब्राँक्समध्ये, यांकीजच्या घरच्या मैदानात, बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाविरुद्धच्या एका सामन्याला मी लेकीला घेऊन गेलो होतो. जज बॅटिंगला आला की सगळं स्टेडियम उभं राहायचं आणि पिचरचा हात वर जाताच एकदम चिडीचूप. शेजारच्या आजोबांच्या हातातला शेंगदाणा तसाच अधांतरी. चेंडू मारण्याच्या टप्प्याबाहेर गेला की आपल्याच मैदानात पिचरची हुर्यो!

जजची तुलना यांकीजचाच जुना विक्रमवीर रॉजर मॅरिस याच्याशी करताना एक गोष्ट सहसा निसटते. १९६१ मध्ये ६१ होम रन मारताना मॅरिसला पूर्ण हंगामात एकदाही मुद्दाम वॉक (धोकादायक बॅटरला मारूच न देता पहिल्या बेसवर सोडणं) दिला गेला नाही, कारण त्याच्या मागून बॅटिंगला तितकाच धोकादायक मिकी मँटल यायचा. जजला २०२२ मध्ये असे १९ मिळाले. तरीही त्याने ६२ गाठले, म्हणून मला त्याचा आकडा जास्त मोलाचा वाटतो.