‘आमच्या वेळी कुठे होते स्वेटर?’ म्हणणाऱ्यांना

दुसरीची_आई

काल ‘जुना गंगाघाट’ यांनी इथे लिहिलेलं वाचलं आणि दिवसभर डोक्यातून जाईना. थोडक्यात म्हणणं असं: आम्ही अनवाणी, अर्ध्या चड्डीत गंगेच्या (म्हणजे आपल्या गोदावरीच्या) काठाने शाळेत जायचो, स्वेटर थोरल्या भावाचा उसवलेला मिळायचा, कुणाला काही झालं नाही. आताच्या आया पोरांना कापसात गुंडाळतात आणि वर शाळेच्या वेळा बदला म्हणून गळे काढतात. खाली तीस-चाळीस जणांचे नमस्काराचे हात.

काका, मान राखूनच लिहितेय. तुमची शाळा किती वाजता भरायची ते तेवढं राहिलं लिहायचं. अकराला ना? माझ्या मुलीची सातला भरते. पावणेसहाला उठवायचं, सहा पंचवीसला रिक्षा. जानेवारीत नाशिकला सूर्य उगवतो सात वाजून दहा-बारा मिनिटांनी. म्हणजे सूर्य यायच्या आधी माझी सात वर्षांची मुलगी मैदानात हात जोडून उभी असते.

स्वेटर आहे हो, नाही असं नाही. शाळेचा मरून, सांगितलेल्याच दुकानातला, ॲक्रिलिकचा. वारा या बाजूने शिरतो, त्या बाजूने निघतो. वरून जॅकेट चालत नाही. कानटोपी फाटकावर काढायला लावतात, ‘गणवेशात नाही’ म्हणून. परवा घरी आली तर पिंडऱ्या उललेल्या, गुडघ्याखाली पांढऱ्या रेघा. व्हॅसलीन लावताना रडली. हे कापसात गुंडाळणं असेल तर असू दे.

आणि वेळ बदलायचं खूळ माझं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस बोलले, ८ फेब्रुवारी २०२४ ला शिक्षण विभागाने परिपत्रक काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. आमच्या शाळेने ‘अडचण’ दाखवून सूट घेतली. कसली अडचण, ते पालकसभेत विचारलं तर पुढच्या विषयावर गेले.

जुना गंगाघाट

ताई, शाळा अकराची नव्हती. सकाळची साडेसातची होती. (शनिवारी.)

बाकी दिवस अकराची होती हे कबूल. पण म्हणून मुद्दा खोटा होत नाही. आमचं नाक डिसेंबर ते होळी वाहायचं, त्याला कोणी आजारपण म्हणत नव्हतं. बाहीला पुसायचं आणि खेळायला पळायचं. आता एक शिंक आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास मेसेज.

निफाडचा_बागायतदार

तुम्ही नाशिकवाले ८-९ अंशाला थंडी म्हणताय, आमच्याकडे या. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ च्या खाली गेला होता. द्राक्षबागेत घडांना कागद लावतो आम्ही, पहाटे ठिबक चालू करतो, बांधाला शेकोट्या पेटवतो. त्याच पहाटे आमची पोरं शाळेच्या व्हॅनची वाट बघत फाट्यावर कुडकुडत उभी. द्राक्षाला जपतो तेवढं पोरांना जपत नाही, असं बायको म्हणते. तिचं खोटं नाही.

ऑरेंजवाला

हे नाशिकवाले अन् पुणेवाले थंडीवर बोलायले लागले की हसू येते बा. नागपूरले या एकदा जानेवारीत. तुमची ते गुलाबी थंडी, आमची हाडं मोडणारी.

दुसरीची_आई

या की तुम्हीही. फक्त तुमच्याकडे सूर्य आमच्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो, तेवढं लक्षात ठेवा. घड्याळ मात्र सगळ्यांना एकच.

बालरोगवाला

पंचवीस वर्षं मुलं तपासतोय, म्हणून दोन्ही बाजूंचा राग ओढवून घेतो.

सर्दी थंडीने होत नाही, विषाणूने होते. थंडीत ती वाढते त्याचं एक मोठं कारण म्हणजे साठ मुलं एका वर्गात आणि खिडक्या गच्च बंद. ‘वारा येतो’ म्हणून बंद केलेली खिडकी हीच पहिली चूक. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे. दर वेळी ‘स्ट्राँग औषध द्या’ म्हणू नका, अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. खोकल्याचं औषध मागच्या बाटलीतलं उरलंय म्हणून मनाने पाजू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातली बरीच नागपूरच्या दवाखान्यांत. ते विसरायला फार दिवस झालेले नाहीत.

पण काकांचं ‘कुणाला काही झालं नाही’ हेही खरं नाही. दमा असलेल्या मुलाला पहाटेची कोरडी थंड हवा चालत्या रिक्षात तोंडावर बसली की शाळेत पोचेपर्यंत छाती वाजायला लागते. ही मुलं तेव्हाही होती, त्यांना ‘अशक्त’ म्हणून घरी बसवत. त्यांच्यासाठी गळ्याभोवती रुमाल, नाक-तोंड झाकणारी टोपी ही चैन नव्हे.

आणि जाता जाता: पहाटे सहाला मुलांना डोक्यावरून आंघोळ घालायची काही गरज नाही. संध्याकाळी घाला, खेळून आल्यावर. सकाळी हातपाय, तोंड धुतलं की पुष्कळ.

माजघर

वाचून धक्काच बसला. डॉक्टर माणूस सांगतो पोरं पारोशी पाठवा! सरस्वतीसमोर पारोसं बसायचं? आमच्याकडे पाचला बंब पेटायचा, सात भावंडं एकामागून एक. आंघोळीशिवाय चहाचा कप मिळत नसे. आळस अंगातून जातो आंघोळीने. दोन तपेली गरम पाणी तापवायला आजकालच्या आयांना जड होतं, हे सरळ म्हणा की.

रात्रपाळीची

‘आजकालच्या आया’ हे शब्द आणखी एकदा आले तर मी इथून निघते.

मावशी, बंब कोण पेटवायचं पाचला? तुमची आई ना? त्यासाठी ती किती वाजता उठायची? मी सिन्नरच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून साडेसहाला घरी पोचते. मुलाला त्याचे बाबा तयार करतात, आणि हो, पारोसाच पाठवतात. तिसरीत आहे, वर्गात पहिल्या पाचात. सरस्वती अजून रुसलेली नाही.

माजघर

वर्गात नंबर येतो म्हणजे संस्कार होतात असं नाही.

रात्रपाळीची

आणि आंघोळ केली म्हणजे होतात असंही नाही. आमच्या गल्लीत रोज पहाटे नळाखाली स्तोत्र म्हणत आंघोळ करणारे एक गृहस्थ आहेत. बायकोला काय बोलतात ते भिंतीपलीकडून ऐकू येतं.

जुना गंगाघाट

मूळ विषय काय होता?

पेठचा_मास्तर

विषय काढलाच आहे आंघोळीचा तर ऐका. आत्ता मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, साडेदहाची शाळा. पण त्याआधी चार वर्षं एका आश्रमशाळेत काढली. नाव घेत नाही. छपरावर सौरऊर्जेचे बंब होते, सहा. मी गेलो तेव्हा त्यातला एकही चालू नव्हता, नळ्या फुटलेल्या. पहिली-दुसरीची मुलं पहाटे पाचला उघड्यावर टाकीपाशी रांगेत. पाण्यात मग बुडवला की बोटं बधिर व्हायची. पोरं काय करायची माहीत आहे? केस ओले करायची, अंग कोरडंच. हजेरी घेणारा डोक्याला हात लावून बघायचा. ओल्या केसांनी मग दोन तास. माजघर मावशी, संस्कार आम्हीही केले. खरजेचं मलम मात्र पुरत नव्हतं.

दुसरं, स्वेटर. तुमच्या इथे मरून की निळा यावर भांडण. आमच्या पोरांना सरकारी गणवेश मिळतो, त्यात स्वेटर नसतो. माझ्या पटावर एकतीस पोरं, पैकी आठ जणांकडे स्वेटर. आम्ही डिसेंबर-जानेवारीत पहिला तास अंगणात उन्हात घेतो. पाढे, वाचन, सगळं. पाठ उन्हाकडे करून बसतात, कासवासारखी. अधिकारी आले एकदा, म्हणाले वर्ग बाहेर का? म्हटलं साहेब, तुम्हीही बसा. बसले. अर्धा तास उठले नाहीत.

दुसरीची_आई

मास्तर, तुमची पोस्ट वाचून माझी तक्रार लहान वाटायला लागली. पण मग ‘त्यांच्याकडे तर तेही नाही’ असं म्हणत आपण कुणालाच काही देत नाही, असंही होतं.

रिक्षावाले_काका

मी शाळेची रिक्षा चालवतो. ताई, नऊची शाळा केली तर आमचं काय ते कुणीच बोलेना. आत्ता सातच्या शाळेची एक फेरी, मग मोठ्यांची दुसरी. नऊला केलं की ऑफिसची गर्दी, द्वारका चौकात अर्धा तास. फेरी एकच होणार, मग भाडं दुप्पट. तेव्हा तुम्हीच ग्रुपवर ओरडणार.

थंडीचं म्हणाल तर उजव्या बाजूला मी स्वतःच्या खर्चाने ताडपत्री लावलीय. पुढच्या फळीवर कोण बसणार यावरून रोज रडारड, कारण वारा तिथे. मी पाळी लावलीय, सोमवार ते शनिवार. ज्याची पाळी त्याला माझी मफलर. हे कुठल्या परिपत्रकात नाही.

बालरोगवाला

पाच जणांच्या जागी अकरा कोंबलेत तेही परिपत्रकात नाही. मफलरबद्दल आभार.

रिक्षावाले_काका

अकरा नाही. आठ. पालक भाडं वाढवून देत असतील तर उद्यापासून पाच.

शेवटची_लाईन

आंघोळीवर एक लिहू का? वाद म्हणून नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा, तिसरीत. मागच्या थंडीत, सकाळी सहाला बाथरूममध्ये. गॅस गिझर आतच भिंतीला, खिडकीला पुठ्ठा लावलेला, ‘गार वारा येतो’ म्हणून. पंधरा मिनिटं झाली, आवाज नाही. भावजींनी कडी तोडली. खाली पडलेला, बादलीचं पाणी वाहत होतं. बाहेर ओढला, गॅलरीत हवेत ठेवला, तसाच उचलून दवाखान्यात. ऑक्सिजनवर दोन दिवस. वाचला. पण त्यानंतर कित्येक दिवस दार बंद करून आत जायला तयार नव्हता. दवाखान्यात सांगितलं कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, धूर नाही, डोळ्यांना झोंबत नाही. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस बसतो खाली.

आम्ही सगळे त्या दिवसापर्यंत त्याला म्हणायचो, लवकर आटप, आंघोळ झाल्याशिवाय दूध नाही.

बालरोगवाला

हे मी वर लिहायला हवं होतं. तो वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर हवा, हवा खेळती हवी. आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग मूल आत पाठवा. बंद खोलीतली कोळशाची शेगडीही तीच गोष्ट. आणि बादलीत सोडलेला हीटरचा रॉड: बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्याला हात. पोरांना तर त्या बादलीच्या जवळ जाऊच देऊ नका.

माजघर

आत्ता उठून बाथरूमच्या खिडकीचा पुठ्ठा काढला. नातू येतो सुटीत. गिझरचं तुमचं मान्य.

पण पारोसं ते पारोसं.

फळ्यामागून

एका खाजगी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका बोलतेय, शाळा कुठली ते विचारू नका. ‘अडचण’ काय ते सांगते, कारण पालकसभेत हे कोणी नीट सांगत नाही. खोल्या सोळा, तुकड्या एकतीस. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. चौथीपर्यंतची मुलं नऊला आणली तर सुटणार दीडला, आणि साडेबाराला मोठी मुलं दारात उभी. त्यांना बसवू कुठे, गच्चीवर? वेळा उलट्या करा म्हणाल, तर मोठ्यांच्या आया म्हणतात, दुपारचे क्लास बुडतात.

कानटोप्यांचं: माझ्या कपाटात या घडीला सत्तावीस टोप्या पडल्यात, कुणी न्यायला येत नाही. अदलाबदल होते, मग उवा. मग ‘शाळेतून उवा आल्या’ म्हणून तुम्हीच येता भांडायला.

दुसरीची_आई

टोपीवर नाव शिवून देते, लाल दोऱ्याने. उवांचं मी बघते. पण बाई, पंधरा मिनिटांची प्रार्थना उघड्या मैदानात, त्यात सुविचार, बातम्या, वाढदिवस. त्याला कुठल्या खोल्या लागतात?

फळ्यामागून

…ते होण्यासारखं आहे. वर्गावर्गात स्पीकर आहेत. संक्रांतीपर्यंत प्रार्थना वर्गातच, असं करता येईल. स्वेटर कुठल्याही रंगाचा हेही चालवून घेईन, नाहीतरी दुकानदाराशी संस्थेचं काय ठरलंय ते मला कधी सांगितलं गेलेलं नाही. पण वेळेचं माझ्या हातात नाही.

दुसरीची_आई

तुम्ही आमच्याच शाळेच्या असाल तर लेखी द्याल का?

फळ्यामागून

तुमच्याच शाळेची असेन तर उद्या वहीत चिठ्ठी येईल.

पेठचा_मास्तर

त्या सत्तावीस टोप्या धुऊन, उन्हात वाळवून इकडे पाठवा. नावं नसली तरी चालतील.

जुना गंगाघाट

बरं. शनिवारची कबुली मी आधीच दिलीय, आता आणखी एक. थोरल्या भावाचा तो स्वेटर मला मिळाला, कारण भाऊ त्या वर्षी न्यूमोनियाने आठ आठवडे अंथरुणावर होता. हे मी कालच्या पोस्टमध्ये लिहिलं नाही. सुचलंच नाही, खरंच.

मास्तर, स्वेटर तेवीस कमी पडतात ना तुमच्याकडे? मापं पाठवा. रंग कुठलाही चालेल ना, की तिथेही मरूनच?

ऑरेंजवाला

आमच्याकडच्या संत्र्याची एक पेटीबी जोडा त्यात. अन् थंडी नागपूरचीच जास्त, हे लिहून ठेवा.