रोज लिहिण्याची सवय लागावी म्हणून ब्लॉग सुरू करावा का?

सुदामानगर, इंदूर

नमस्कार. मी शासकीय कार्यालयात नोकरी करते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात बोलले आणि आजोबांकडे येणाऱ्या दिवाळी अंकांतून वाचले, पण लिहिण्याचा प्रसंग पत्रांपलीकडे फारसा आला नाही. आता रोज थोडे तरी मराठीत लिहावे, अशी मनापासून इच्छा आहे. स्वतःचा ब्लॉग काढून त्यावर दररोज एक नोंद प्रसिद्ध करायची, म्हणजे वाचणाऱ्यांच्या धाकाने तरी खंड पडणार नाही, असा माझा विचार आहे. हा मार्ग योग्य आहे का? रोज नवा विषय कोठून आणावा? आणि जिच्यावर हिंदीची छाप पदोपदी जाणवते अशी मराठी चारचौघांपुढे मांडावी का, हा संकोचही आहे. कार्यालयात मी कृतिदेव या फॉन्टमध्ये टंकलेखन करते. त्याचा येथे उपयोग होईल का, तेही कृपया सांगावे.

सयाजीगंज, वडोदरा

ताई, ब्लॉग अवश्य काढा, परंतु रोज लिहिणे आणि रोज प्रसिद्ध करणे या दोन गोष्टी एकमेकींना बांधू नका. प्रसिद्ध करायचे म्हटले की शीर्षक हवे, सुरुवात-शेवट हवा, शुद्धलेखन तपासायला हवे, आणि कोण काय म्हणेल हा विचार तर पहिल्या ओळीपासूनच पाठीशी उभा राहतो. दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसाला एवढे सगळे रोज निभावणे कठीण जाते. मग एखाद्या दिवशी लेख राहतो आणि त्याच्याबरोबर लिहिणेही राहते. आपल्याला सवय लावायची आहे ती लिहिण्याची, हे विसरू नये.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, सवयी कशा जडतात यावरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांच्याशी संबंधित एक साधी कृती निवडली आणि ती रोज एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे केली. ती कृती अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या दिवसांचा मध्यक (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) ६६ निघाला, मात्र व्यक्तिपरत्वे हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता; १२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज होते. म्हणून '२१ दिवसांत सवय लागते' या सर्रास सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीवर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नये. लिहिणे हे तर पेलाभर पाणी पिण्याहून कितीतरी अवघड काम आहे. याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. वाचकांचा धाक मात्र चुकलेला एक दिवसही अपराधासारखा वाटायला लावतो, आणि त्या संकोचापायी पुढचे चार दिवस जातात.

तेव्हा लिहिण्याला एखाद्या ठरलेल्या कामाची जोड द्या. सकाळचा चहा झाला की मोबाइल हाती घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे लिहायचे, एवढे पुरे. शब्द मोजू नका, वेळ पाळा. जे लिहाल ते ब्लॉगवर मसुदा म्हणून साठवून ठेवा, कारण मसुदे आपल्याशिवाय कोणालाही दिसत नाहीत. रविवारी आठवड्याचे मसुदे वाचा, त्यांतील एक निवडा, त्यावर मेहनत घ्या आणि तोच प्रसिद्ध करा.

छत्रीबाग, इंदूर

वरील मताशी मी सहमत आहे. विषयांबद्दल थोडे लिहितो.

रोज 'विषय' शोधायला निघाले की माणूस देशाचे राजकारण किंवा आयुष्याचा अर्थ यांकडे वळतो आणि दुसऱ्या परिच्छेदात अडकतो. त्याऐवजी रोज एक पाहिलेली गोष्ट लिहावी. आपल्याच गावाचे उदाहरण घेऊ. 'इंदूरचे पोहे प्रसिद्ध आहेत' हे वाक्य कोणीही, येथे पाऊल न टाकताही, लिहू शकतो. उद्या सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी थोडा वेळ उभ्या राहा. पोह्यांचे पातेले थेट विस्तवावर नसून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेले असते, त्यामुळे पोहे वाफेवर गरम राहतात आणि तासाभरानेही कोरडे पडत नाहीत. मागणी आली की विक्रेता पोहे कागदावर घेतो, वरून शेव टाकतो, चिमटीने जिरावण मसाला भुरभुरतो, कांदा घालतो आणि लिंबू पिळतो. त्याचा हात कोणत्या क्रमाने फिरतो, नेहमीच्या गिऱ्हाइकाला न विचारता तो काय जास्त घालतो, शेजारी जिलबीच्या कढईवर कोण आहे, एवढे लिहिले तरी पंधरा मिनिटे संपतात आणि शब्द शोधावेच लागतात. 'भुरभुरणे' आणि 'शिंपडणे' यांतून निवड करताना जो विचार होतो, तोच खरा सराव आहे.

असेच सराफ्याचे, म्हणजे येथील सराफ बाजाराचे आहे. रात्री सोन्याचांदीच्या पेढ्यांचे दरवाजे ओढले जातात आणि त्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकाने मांडली जातात. हा अर्ध्या तासाचा बदल एकदा उभे राहून पाहावा. थंडीत गराडू हा कंद तळायला घेतात तेव्हाचा सराफा आणि श्रावणातल्या पावसात भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाभोवती जमलेला सराफा यांवर दोन वेगळे लेख होतील. कार्यालयातही लिहिण्याजोगे पुष्कळ असते, फक्त माणसांची ओळख पटणार नाही एवढी काळजी प्रसिद्ध करण्यापूर्वी अवश्य घ्यावी.

टंकलेखक, इंदूर

कृतिदेवमध्ये लिहिलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवल्यास वाचकाला देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसेल, कारण तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाणारी पद्धत, वापरत नाही. युनिकोडमध्येच लिहावे. हाताला रेमिंग्टनची (जुन्या टंकलेखन यंत्राच्या कळरचनेची) सवय असेल तर तीच कळरचना युनिकोडमध्ये देणारी साधने मिळतात, परंतु माझा सल्ला इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा कळफलक शिकण्याचा आहे. तो विंडोजमध्ये असतोच, आणि मराठीला लागणारी अक्षरे त्यात सहज येतात: 'र'च्या कळीबरोबर शिफ्ट दाबल्यास 'ऱ' मिळतो, 'ल'बरोबर दाबल्यास 'ळ'. 'दुसऱ्या' हा शब्द 'दुसर्‍या' किंवा 'दुसर्या' असा कसाबसा लिहिण्याची वेळ मग येत नाही. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींवर विनामूल्य आरंभ करता येतो. अधूनमधून सर्व मजकुराची प्रत उतरवून आपल्या संगणकावर ठेवत जा.

लष्कर, ग्वाल्हेर

भाषेच्या संकोचाबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण तो आम्हा ग्वाल्हेरकरांनाही ठाऊक आहे. पुण्या-मुंबईकडील नातेवाइकांनी एखाद्या वाक्यावर हसावे आणि आपण पुढे मराठीत लिहिणेच सोडावे, असे आपल्याकडील अनेक घरांत घडले आहे. ते आता थांबायला हवे. मराठी आपण उसनी आणलेली नाही. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते. मराठी साहित्य संमेलने आपल्या इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ साली भरली. १९६१ साली ते ग्वाल्हेरला झाले, तेव्हा अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या, आणि त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच महिला होत.

रोजच्या मसुद्यात अडेल तेथे बेलाशक हिंदी शब्द लिहा आणि पुढे जा. रविवारच्या लेखावर मात्र बारकाईने नजर फिरवा. हिंदी माध्यमात शिकलेल्यांची चूक बहुधा दोन ठिकाणी होते. एक म्हणजे लिंग: हिंदीत 'पुस्तक' आणि 'आवाज' हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आणि आवाज पुल्लिंगी आहे. दुसरे म्हणजे शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व-दीर्घ. हिंदीत कवि, बुद्धि, गुरु असे लिहितात, मराठीत कवी, बुद्धी, गुरू. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अवघे १८ आहेत. आठवड्याला एक नियम घेऊन आपल्याच मसुद्यांवर तो लावून पाहिला, तरी साडेचार महिन्यांत सर्व पूर्ण होतात. लोकांच्या तोंडची वाक्ये मात्र सुधारू नका. सराफ्यातील माणूस जशी मराठी-हिंदी बोलतो तशीच ती लेखात आली पाहिजे, कारण ती टिपून ठेवणारे दुसरे कोण आहे?

सुदामानगर, इंदूर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. रोज मसुदा आणि रविवारी एक लेख, ही पद्धत मला पटली. आरंभीचे काही महिने ब्लॉग फक्त घरच्यांना आणि दोन मैत्रिणींना वाचता यावा, अशी सोय आहे का?

टंकलेखक, इंदूर

आहे. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये वाचक कोण असावेत हे ठरवता येते. ज्यांचे ई-मेल पत्ते आपण द्याल त्यांना निमंत्रण जाते, आणि ते गूगल खात्याने प्रवेश करून वाचू शकतात. पुढे ब्लॉग सर्वांसाठी खुला करायचा झाल्यास तेथेच निवड बदलावी. जुने लेख जसेच्या तसे राहतात.